तरंगली, पेटली, तरी नापास

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये लायकोपोडियमची पावडर येते ती होमिओपॅथीच्या कंपन्यांसाठी. लायकोपोडियम क्लॅव्हेटम या वनस्पतीचे हे बीजाणू. फिकट पिवळे, बोटांना मऊसूत. गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पूर्वी हीच पावडर भुरभुरत, नाटकात आगीचा लोळ दाखवायलाही हीच. 1807 साली फ्रान्समध्ये निएप्स बंधूंनी तर तिच्यावर इंजिन चालवलं. बीजाणूत तेलच एवढं असतं!

त्या दिवशीचा ड्रम सोप्या चाचण्या पटापट पास झाला. पावडर थंड पाण्यावर तरंगली. ज्योतीवर फुंकली तर भपकन पेटली. आयोडीनने निळी पडली नाही, म्हणजे स्टार्च नाही. जाळल्यावर उरलेली राखही मर्यादेत. प्रॉडक्शनचे साहेब दारातच उभे, "मॅडम, सोडा ना आता." क्यूसी, म्हणजे आमची गुणवत्ता तपासणी, ही नुसती अडवणूक, हे त्यांनी कायमचं ठरवून टाकलंय.

मी मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावली. हा बीजाणू एकदा पाहिला की विसरत नाही: मिलिमीटरच्या साधारण तिसाव्या भागाएवढा, अंगभर बारीक जाळी, आणि एका बाजूला एका बिंदूतून फुटलेल्या तीन रेघा. या बीजाणूंमध्ये त्यांच्याहून खूप मोठे कण मिसळले होते, दोन्ही बाजूंना फुगे बांधल्यासारखे. पाइनचे पराग! तेही पिवळे, तेही तरंगतात, तेही पेटतात. पाण्याने आणि ज्योतीने ही भेसळ पकडता येतच नाही.

पुरवठादार म्हणाला, "अहो, नेपाळच्या डोंगरातला माल. वाऱ्याने आलं असेल." तिथे या वनस्पतीला नागबेली म्हणतात आणि पाइनही भरपूर, हे खरं. पण पाइनचे पराग उडतात वसंतात, नागबेलीचे बीजाणूंचे तुरे पिकतात पावसाळा सरताना. मधले एवढे महिने वारा पराग धरून बसला होता का? शिवाय स्लाइड कुठेही सरकवा, ते कण होतेच.

हे काम डोंगरात तुरे तोडणाऱ्यांचं असेल असं मला वाटत नाही. वसंतातले पराग शरदापर्यंत कोरडे राखायचे तर गोदाम लागतं. बीजाणूपासून नवी नागबेली वर यायला कित्येक वर्षं जातात, सुरुवातीची वाढ जमिनीखाली बुरशीच्या आधारावर होते. माल अपुरा पडणारच, आणि ती तूट मधला कुणीतरी भरून काढतो.

मी माल नापास केला, ड्रम परत गेला. त्यावर आमचा लाल स्टिकर होता, पण तो नखानेही निघतो. तो ड्रम आता कुणाच्या लॅबमध्ये असेल आणि तिथे कुणी स्लाइड लावली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.