नागपूरच्या अधिवेशनावर निवेदन घेऊन: ४६ जणींचा मोर्चा आणि एक आवक क्रमांक

डिसेंबर २०२३ मध्ये ७ तारखेला हिवाळी अधिवेशन सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात आम्ही ४६ जणी यवतमाळ जिल्ह्यातल्या सहा गावांतून नागपूरला निघालो. सगळ्या एकटीने संसार ओढणाऱ्या. कोणाचा नवरा कर्जापायी गेलेला, कोणाला नवऱ्याने टाकलेलं, दोघींचं लग्नच झालेलं नाही. मागणी एकच होती आणि ती एकच राहावी म्हणून घरी तीन बैठका घ्याव्या लागल्या. रस्ता, रेशन, घरकुल, सगळ्यांच्याच मनात काही ना काही होतं.

ती मागणी अशी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला वर्षाला २१,००० रुपये उत्पन्नाची अट आहे. म्हणजे महिन्याला १,७५०. निंदणा-वेचणीला रोजाने जाणारी बाई निम्मं वर्ष जरी कामावर गेली तरी ही रेघ ओलांडते. खरं उत्पन्न सांगितलं की अर्ज बाद, आणि खोटं सांगायचं तर दाखला काढताना मान खाली घालायची. त्याच वर्षी महिन्याचं अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झालं, त्याचा आनंदच होता. अट मात्र जिथल्या तिथे राहिली. ती वाढवा, एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

जाणाऱ्यांना पहिला सल्ला इथेच देते, कारण मोर्चाचं निम्मं काम गावात होतं. निवेदन एका पानाचं ठेवा. वर विभागाचं नाव नीट लिहा. आमचा सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग होता. चुकीच्या विभागाच्या नावाने दिलेला कागद टेबलाटेबलावर फिरत राहतो. ज्या शासन निर्णयात बदल हवा त्याची तारीख टाका. सह्यांच्या कागदावर प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहा, नाहीतर सह्यांची पानं सुटी झाली की त्या कशासाठी घेतल्या ते कोणालाच कळत नाही. अंगठ्यासमोर नाव आणि गाव स्वच्छ अक्षरात हवं. मराठीत लिहायला मुळीच बिचकू नका. संविधानाच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवारण व्हावं म्हणून संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आम्ही निवेदनाची सुरुवातच त्या वाक्याने केली होती.

सोबत ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर निवेदनाचं वजन वाढतं. हे आम्हाला हेरवाडवरून सुचलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावाने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. एका गावच्या ग्रामपंचायतीतला कागद मंत्रालयापर्यंत पोचला. आमच्या सहापैकी दोन गावांनीही तसा ठराव घेतला होता. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या आजी, आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, त्या दिवशी हिरव्या बांगड्या घालून आल्या होत्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच. कोणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या सीटवरच्या दोघींनी वळून पाहिलं आणि हसल्या.

पोलिसांच्या परवानगीचा अर्ज आधीच करा. संघटनेचं नाव, किती माणसं, कुठून निघणार, जबाबदार कोण, त्यांचे फोन, हे सगळं त्यात लागतं. भोंग्याची परवानगी वेगळी. आम्ही भोंगा नेलाच नाही. घोषणा घशानेच दिल्या आणि दुसऱ्या दिवशी कोणाचाच आवाज उरला नव्हता.

प्रवासाला एसटीच बरी. मार्च २०२३ पासून बायांना तिकीट अर्धं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत. वयाचा पुरावा मात्र हातात हवा. आमच्या एका मावशींचं आधार गाठोड्याच्या तळाशी होतं, ते निघेपर्यंत वाहक थांबला, हे त्याचं चांगलेपण. दोन गाड्यांत विभागून पहाटे निघालो आणि दहाच्या आत पोचलो. मुक्काम करायचा असेल तर पांघरूण भरपूर न्या. डिसेंबरातली नागपूरची रात्र हाडात शिरते.

धंतोलीचं यशवंत स्टेडियम म्हणजे मोर्चेकऱ्यांचं गावच. तिथूनच बरेच मोर्चे निघतात, धरण्याचे मांडवही तिथेच असतात. आम्ही पोचलो तेव्हा एका बाजूला शिक्षक, दुसऱ्या बाजूला कंत्राटी कामगार, पलीकडे एका जमातीची दाखल्याची मागणी. या शहरात हे दृश्य दरवर्षी का दिसतं, ते बायांना सांगितलं. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं वर्षाला एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, म्हणून मुंबई न परवडणारा विदर्भातला माणूस आपलं गाऱ्हाणं इथे आणतो. आजी म्हणाल्या, "मंग आपलंच घर म्हना की हे." धरण्याला बसलेल्यांशी बोला, हे आवर्जून सांगते. कोणत्या वेळी अधिकारी बाहेर येतात, पाणी कुठे मिळतं, शौचालय कुठे उघडं आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. बायांसाठी शौचालय हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मोर्चा निघण्याआधी सगळ्यांना जाऊन येऊ द्या, घाई करू नका. पाणी कमी प्यायचं म्हणून दोघी उपाशीपोटी चालल्या आणि एकीला झिरो माइलजवळ घेरी आली. गूळ-शेंगदाण्याच्या पुड्या प्रत्येकीच्या पदराला बांधून द्या.

झाशी राणी चौक, व्हरायटी चौक करत आम्ही निघालो. आमच्या पुढे एक मोठा मोर्चा होता, त्यामुळे थांबत थांबत जावं लागलं. सीताबर्डीची दुकानं, मेट्रोचे खांब, दुतर्फा पोलीस. रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या पोरीने विचारलं, "काकू, कशासाठी?" आमच्यातल्या एकीने एका दमात मागणी सांगितली, आकड्यासकट. त्या पोरीचा चेहरा बदलला. प्रत्येकीला मागणी तोंडपाठ असावी, असा आम्ही हट्ट धरला होता. तो किती बरोबर होता, ते तिथे कळलं.

झिरो माइलला गोवारी शहीद स्मारक आहे. तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन विधानभवनावर आला होता. दिवसभर माणसं रस्त्यावर बसून राहिली. संध्याकाळी लाठीमार आणि चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यात बाया आणि लेकरं जास्त. १९९५ मध्ये समाजाला विशेष मागास प्रवर्गाचं आरक्षण मिळालं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फिरवला. शेजारच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

मी त्या वेळी लहान होते. आई रेडिओपाशी बसून रडली होती, एवढंच आठवतं. स्मारकापुढे आम्ही ४६ जणी पाच मिनिटं गप्प उभ्या राहिलो. मग मी सगळ्यांना पुन्हा सांगितलं आणि तेच तुम्हालाही सांगते. लेकरं मोर्चात आणू नका. ज्यांना घरी ठेवायची सोय नाही त्यांना एका बाईबरोबर स्टेडियमवर बसवा. कठड्याला चिकटून उभं राहू नका. लोखंडी कठडे आणि मागून येणारी गर्दी यांच्यामध्ये कधीही सापडायचं नाही, उजव्या-डाव्या बाजूला निघायला वाट हवी. दहा-दहा जणींचे गट करा, प्रत्येक गटाची एक म्होरकी, आणि साहेब आले, मंत्री आले अशी आवई उठली तरी जागचं हलायचं नाही. सांगायला हे सोपं आहे. गर्दी पुढे सरकली की पाय आपोआप सरकतात. म्हणून गावातच एकदा ओळ धरून चालून पाहा.

पुढे मोर्चा अडवला गेला. कोणता मोर्चा कुठे थांबवायचा ते पोलीस ठरवतात. टेकडी रोड, मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, एलआयसी चौक ही नेहमीची ठिकाणं. विधानभवन दिसेल अशी आशा धरून येऊ नका, आमच्यातल्या बहुतेकींना ते दिसलंच नाही. दुपारी तीनपर्यंत रस्त्यावर बसलो. ऊन चांगलंच होतं. मग शिष्टमंडळाला बोलावणं आलं. पाच जणी.

शिष्टमंडळात कोण जाणार हे आधी ठरवून, नावं लिहून ठेवा. ओळखपत्रं बरोबर हवीत. आम्ही बोलक्या दोघी, सगळे कागद माहीत असलेली एक, आणि ज्यांचा अर्ज खरंच बाद झाला आहे अशा दोघी, असं ठरवलं होतं. त्या शेवटच्या दोघींमुळेच बैठक झाली, असं मला ठाम वाटतं. आम्हाला सात मिनिटं मिळाली. समोरचे गृहस्थ तोंडाने म्हणाले, "बघतो, सकारात्मक विचार करतो." एवढ्यावर सगळ्याजणी उठायला लागल्या होत्या. तेव्हा आमच्यातली एक, जिचं शिक्षण चौथी, शांतपणे म्हणाली, "साहेब, या कागदावर शिक्का पाहिजे. मी रिकाम्या हातानं गावाले कशी जाऊ?"

शिक्का मिळायला आणखी पाऊण तास लागला. एका टेबलावरून दुसऱ्यावर पाठवलं, एकाने तर कागद ठेवून जा म्हणून सांगितलं. ठेवला नाही. शेवटी आमच्या प्रतीवर आवक क्रमांक, म्हणजे कागद दाखल झाल्याचा वहीतला नंबर, तारीख आणि सही मिळाली. पोच घेतल्याशिवाय हलू नका. हातात पोच नसेल तर पुढे विचारायचं काय आणि कशाच्या जोरावर? आश्वासन देणारा माणूस बदलतो, खातं बदलतं, वहीतला क्रमांक बदलत नाही.

निवेदनाच्या पाच प्रती नेल्या होत्या, त्यातल्या दोन आमदारांसाठी. एक सत्तेतले, एक विरोधातले. अधिवेशनात आमदार तुम्हाला आवारात किंवा आमदार निवासात सापडतात, तेही सकाळी लवकर. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी सूचना) किंवा तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) त्यांनाच मांडता येतो, पण त्याला लागणारी माहिती तुम्हालाच पुरवावी लागते. म्हणून बाद झालेल्या अर्जांची यादी तयार ठेवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते. सदस्यामार्फत अर्ज सादर करण्याचा तो वेगळा मार्ग आहे. आम्हाला तो उशिरा कळला, तुम्ही आधीच आपल्या आमदारांना विचारा.

संध्याकाळी स्टेडियमवर परतलो तेव्हा थांबलेल्या बायांनी पहिला प्रश्न विचारला, "झालं का काम?" खोटं सांगू नये. मी म्हटलं, काम सुरू झालं. एक-दोघी नाराज झाल्या, एकीची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि तिचं नाराज होणं रास्तच होतं. कोणाची किती मजुरी बुडणार आहे याचा हिशेब निघण्याआधी करा. जमल्यास गावातून वर्गणी काढून ती भरून द्या. आम्ही केलं नाही, याची खंत आहे.

फेब्रुवारीत एक पत्र आलं, निवेदन संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे, पाठवल्याचं. मार्चमध्ये माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आमचा आवक क्रमांक लिहिला आणि त्यावर काय कार्यवाही झाली ते विचारलं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते अठ्ठाविसाव्या दिवशी आलं: प्रस्ताव विचाराधीन. अट काही बदलली नाही. पण त्याच पोचेची झेरॉक्स घेऊन तहसीलला गेलो तेव्हा धूळ खात पडलेल्या अर्जांची छाननी लागली आणि आमच्यातल्या अकरा जणींची प्रकरणं मंजूर झाली. ज्यांच्यासाठी अट वाढायला हवी त्या अजून तशाच आहेत. त्यांच्यासाठी पुन्हा जायचं आहे.

आजींना वाचता येत नाही, आकडे मात्र ओळखता येतात. तो आवक क्रमांक त्यांनी खडूने दारामागे लिहून घेतला आहे. पोस्टमनने कोणतंही सरकारी पत्र आणलं की त्या आधी दार लावतात आणि पत्रावरचा आकडा दारामागच्या आकड्याशी ताडून पाहतात.