बेल उशाशीच होती

परवा संध्याकाळी ठाणे स्लोला दादरला एक मुलगी चढली. विशी-बाविशीची असेल. आमच्या बाकावर तिघी होतो, चौथी सीट मोकळी. ती शेजारी येऊन उभी राहिली, सॅक पोटाशी धरून. एकदा तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. मग मोबाइल काढून नुसतीच स्क्रीन वर-खाली करत राहिली. माटुंग्याला मागून एक बाई आल्या, ‘सरा हो जरा’ म्हणत समोरच्या बाकावर टेकल्यासुद्धा. त्यांना वाट द्यायला ही अर्धं पाऊल मागे सरली.

मी विचारलं, “बसायचंय का?”

“नाही नाही, असू दे.”

ते ‘असू दे’ ऐकलं आणि पोटात कालवलं. बाबांचा शब्द होता तो.

बाबा भिडस्त. कंडक्टर तिकिटामागे उरलेले पैसे लिहून द्यायचा, ते मागायला बाबांची जीभ रेटायची नाही. स्टॉप आला की तसेच उतरायचे. धुवायच्या शर्टांच्या खिशांत आईला ती तिकिटं सापडायची, मागे पेनाने २ नाहीतर ५ लिहिलेले. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणून ती चिडायची. जिन्यात चार माणसं बोलत उभी असली तर बाबा ती पांगेपर्यंत खालीच थांबायचे, आणि चाळीतले लोक म्हणायचे, शिष्ट आहे, बोलत नाही. हे मला फार लागायचं. बाबा घरी येऊन त्याच माणसांची विचारपूस करायचे, कुणाच्या मुलाला नोकरी लागली का, कुणाचा ताप उतरला का.

हार्वर्डच्या जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवून, अनोळखी आवाज ऐकवून पाहिले होते. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, आणि पुढे बुजरी होणारी मुलं अशांतच जास्त निघाली. अशी सगळीच बुजरी झाली नाहीत, तरी एवढं वाचून मला बरं वाटलं. ‘जरा धीट व्हा की’ असं आम्ही बाबांना किती वर्षं ऐकवत होतो!

शेवटच्या आजारपणात बाबा हॉस्पिटलमध्ये होते. राउंडला डॉक्टर विचारायचे, “काही त्रास?” बाबा म्हणायचे, “नाही, बरं आहे.” मी बाजूलाच उभी असायचे आणि मलाही ते खरं वाटायचं. एका सकाळी मी गेले तर चादरीचं टोक त्यांच्या मुठीत घट्ट आवळलेलं. रात्रभर कळा येत होत्या. बेल उशाशीच होती.

“दाबली का नाहीत?”

“त्या पोरी दिवसभर दमतात गं. कशाला उठवायचं?”

त्यांना ‘दुखतंय का?’ असं विचारायलाच नको होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. अशा माणसाला प्रश्न केला की ‘नाही’च येतं, कारण तेच सगळ्यात सोपं असतं. ‘कुठे दुखतंय ते दाखवा’ म्हणायला हवं होतं. हात धरून बसायला हवं होतं.

सायन गेलं तशी मी खिडकीकडे दाबून सरकले, मधल्या बाईंनाही सरकवलं आणि सीटवर हात थोपटला. “ये, बस इथे.”

ती बसली, पण जेमतेम कडेवर, गुडघे बाहेर काढून. विद्याविहार गेल्यावर तिने पाठ टेकली.