सातबाऱ्यावरून हरवलेली विहीर

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की आमचे 32 गुंठे रान लागते. वडिलांच्या पश्चात ते आईच्या आणि माझ्या नावावर आले. आई कायमचीच तिकडे राहायला गेली. मी, पत्नी आणि मुलगी शाळेच्या सुट्ट्यांना जातो. एक पंढरपुरी म्हैस, तीन उस्मानाबादी शेळ्या, मुलीने नावे ठेवलेल्या अकरा गावरान कोंबड्या, डाळिंबाची चाळीस झाडे, बांधावर शेवगा आणि पत्नीचे मेथी-वांग्याचे वाफे एवढाच आमचा पसारा आहे. वारस नोंद, जनावरांच्या कानातले बारा अंकी पिवळे बिल्ले, लाळ्या-खुरकुताची लस ही कामे विनासायास झाली, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. अडले ते विहिरीपाशी.

विहिरीवर वडिलांच्या काळातले डिझेल इंजिन होते आणि त्याचे हँडल मारणे आईच्याने होईना. म्हणून सौर कृषी पंपासाठी अर्ज केला. अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि सर्वसाधारण गटातल्याला किमतीच्या 10 टक्के रक्कम भरावी लागते; हे गणित आम्हाला परवडणारे होते. आठ दिवसांत अर्ज परत आला. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही, असा शेरा त्यावर होता.

मी तो शेरा विहिरीच्या काठावर बसूनच मोबाइलवर वाचला. समोर पणजोबांनी काळ्या दगडात बांधून काढलेली पस्तीस फुटांची विहीर, मोटेचे पाणी ज्यात पडायचे ते झिजून गुळगुळीत झालेले थारोळे, आणि त्यात तोंड घालून पाणी पिणारी आमची म्हैस, जिची मागे वळून खांद्यापर्यंत गेलेली शिंगे थारोळ्याच्या कडेला खडखड घासत होती. हे सगळे होते, आणि विहीर मात्र नव्हती.

गावातल्या तलाठी कार्यालयात गेलो. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात.) ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून करायच्या सरकारी पीक नोंदीत, मी डाळिंबापुढे सिंचनाचे साधन म्हणून विहीर निवडली होती, तेवढ्यावर भागेल, अशी माझी भाबडी समजूत होती. भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, ती पिकापुरती माहिती झाली. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात विहीर पाहिजे, ती कुठंय?" मग नवी नोंद करा, असे मी म्हटले, तर विहीर जुनी असल्याने ती नवी दाखवता येणार नाही, आणि जुनी म्हणावी तर तसा कागद पाहिजे, असे उत्तर मिळाले. या एका वाक्यापायी माझ्या सहा फेऱ्या झाल्या. कधी भाऊसाहेब बैठकीला, कधी निवडणुकीच्या कामाला, कधी सर्व्हर बंद. एकदा तर दाराला कुलूप आणि शेजारी आमच्यासारखेच चौघे उकिडवे बसलेले.

कागद अखेर घरातच सापडला. आईच्या लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली वडिलांनी घडी करून ठेवलेला हस्तलिखित सातबारा निघाला, आणि त्यात निळ्या शाईने स्वच्छ लिहिले होते: "विहीर 1, सामाईक." संगणकीकरण करताना ही ओळ उतरवायची राहिली होती. त्या वेळी गावात चावडी वाचनही झाले होते, आपापला उतारा ऐकून चुका सांगा म्हणून दवंडी पिटली होती आणि त्या दिवशी मी सोलापुरात उत्तरपत्रिका तपासत होतो, हेही येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. वारस नोंदीच्या वेळी तरी उतारा वरपासून खालपर्यंत वाचायला हवा होता. मी फक्त आपले नाव बरोबर आहे ना, एवढेच पाहिले.

घरातला कागद मात्र चालत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करावा लागतो आणि तिथली शिक्क्याची नक्कल घ्यावी लागते. ती मिळायला तीन आठवडे लागले. ती जोडून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली, म्हणजे लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी, तहसीलदारांकडे अर्ज दिला. हा कलमाचा आकडा पहिल्याच दिवशी कोणी सांगितला असता तर माझे तीन महिने वाचले असते, म्हणून तो लिहून ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. माझा पहिला अर्ज "दिसत नाही" म्हणून मला दुसऱ्यांदा द्यावा लागला.

"सामाईक" या शब्दाने पुन्हा घोळ घातला. निम्मी विहीर चुलत चुलत्यांची, आणि ते पुण्यात. मी फोनवर सगळी हकीकत सांगितली तेव्हा अण्णा एवढेच म्हणाले, "विहीर दोघांची, हे काय सांगायचं झालं?" आणि रविवारी एसटीने आले, जबाब दिला, सौर पंपाला ना हरकतही लिहून दिली. सामाईकदाराशी बोलणे आधी करून घ्यावे, कागद नंतर करावेत. अण्णांशी आमचा अबोला असता तर ही विहीर आजही कागदावर आली नसती.

मार्चअखेरीस मंडळ अधिकारी स्थळपाहणीला आले. चाळीस अंशांचे ऊन होते. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी पंचनामा लिहिला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, आणि आईने दिलेले ताक पिताना विहिरीत डोकावून म्हणाले, "पाणी बरंय की!" मला हसू आवरेना, रागही आवरेना.

आदेश झाला, फेरफार धरला गेला, नोटिशीचे 15 दिवस विनाहरकत गेले आणि नोंद मंजूर झाली. त्या रात्री 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतला आणि या वेळी वरपासून खालपर्यंत वाचला. इतर अधिकारात विहीर आली होती. फक्त तिच्यातली "ही" ऱ्हस्व होती. मी वीस वर्षे मराठी शिकवतो. पत्नीने विचारले, दुरुस्तीचा अर्ज देणार का, तेव्हा मी तो उतारा बंद केला आणि सौर पंपाचा अर्ज पुन्हा भरायला घेतला.