मे महिन्याचं बिल भागिले एकशे वीस

परवा समोरच्या वहिनी विचारत होत्या, "तुम्ही किती किलोवॅटचं सोलर बसवलं हो? आम्हाला सोलरवाला पाच सांगतोय." मी म्हटलं, आधी बाराही महिन्यांची बिलं घेऊन या, मग बोलू. त्यांना वाटलं मी टाळतेय.

गेल्या वर्षी आमच्याकडेही असाच एक मुलगा आला होता. गोड बोलणारा, "काकू, काकू" करणारा. त्याने बिल मागितलं. आमच्या ह्यांनी टीव्हीखालच्या खणातून जे हाताला लागलं ते दिलं, आणि ते नेमकं मे महिन्याचं निघालं. ३४२ युनिट. बार्शीचा मे महिना म्हणजे दोन पंखे, कूलर आणि फ्रिज दिवसरात्र चालू. त्याने मोबाईलवर ३४२ भागिले १२० केलं आणि म्हणाला, "तीन किलोवॅट. शिवाय सबसिडी पूर्ण अठ्ठ्याहत्तर हजार. सोडू नका काकू."

भागाकार बरोबर होता, भाज्य चुकीचं होतं. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात ढग दाटले की दोनावर येतात, मार्च-एप्रिलात पाचाच्या आसपास जातात. चार हा वर्षाचा आकडा आहे, मग त्याच्यासमोर वापरही वर्षाचाच ठेवायला नको?

बावीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर बसलेय, त्यामुळे कागद टाकायची सवय नाही. २०२४-२५ ची बाराही बिलं फाईलला लावलेली होती. आधी मी रुपयांचा रकाना बेरजेला घेतला आणि फसले. एका बिलात मागची थकबाकी चढलेली, आणि मी वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिलही त्यातच मिळवलं होतं. तेव्हा रुपये सोडा, युनिट घ्या. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तोही चालतो. फक्त एखाद्या महिन्यात रीडिंग न घेता सरासरी बिल आलं असेल, तर तो आणि पुढचा महिना एकत्र धरा.

माझे आकडे एप्रिलपासून असे: ३१८, ३४२, २४६, १८७, १७९, १९६, २२४, १७१, १५२, १४८, १६२, २३१. बेरीज २,५५६. बाराने भागलं की २१३, आणि १२० ने भागलं की पावणेदोनच्या जरा वर. म्हणजे दोन किलोवॅट. तिसऱ्याची गरज कुठे आहे?

"पण सबसिडी?" हे म्हणाले. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. चौथ्या-पाचव्याला काहीच नाही. पाच किलोवॅटवालाही ७८,०००वरच थांबतो. आम्हाला मिळालेले भाव दोनला १,३५,००० आणि तीनला १,९०,००० होते. सबसिडी वजा जाता ७५,००० आणि १,१२,०००. म्हणजे १८,००० "सोडू नका" म्हणून खिशातून ३७,००० जास्त काढायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. बिलातलं प्रत्येक युनिट एका किमतीचं नसतं. त्या वर्षी वीज आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरून महिन्याचं पहिलं शंभर युनिट मला साधारण सात रुपयांनी पडत होतं, १०१ ते ३०० मधलं तेरा रुपयांनी, आणि तीनशेच्या वरचं अठरा रुपयांनी. सोलर लागलं की बिलातून आधी वरची, महागडी युनिटं कमी होतात. म्हणून मी वहीत रकाने पाडले, दर महिन्यातून १२० युनिट वरून काढली, आणि कुठल्या दराची किती गेली ते मांडत गेले. संध्याकाळचे दोन तास गेले, आमटी करपली.

पहिला किलोवॅट वर्षाला १६,९५० रुपये वाचवत होता. दुसरा ९,३७८. तेवढ्यात वापर संपला, तिसऱ्याला वाचवायला काही उरलंच नाही. त्याची १,४४० युनिटं नुसती शिल्लक. शिल्लक युनिटं कंपनीच्या तारेत जातात आणि पुढच्या महिन्यात आपल्या नावावर जमा होतात खरी, पण ३१ मार्चला खातं बंद. उरलेली वीज कंपनी विकत घेते, पण जो दर लावते तो आपल्या तेरा रुपयांच्या पासंगालाही पुरत नाही.

या ३१ मार्चमध्ये एक गंमत आहे. थंडीत वापर कमी, ऊन चांगलं, म्हणून युनिटं साठतात. आणि कूलर काढायची वेळ आली की नेमकं नवं वर्ष सुरू, साठा शून्य! त्यामुळे दोन किलोवॅट बसवूनही एप्रिल-मेमध्ये थोडं बिल येणारच. शिवाय स्थिर आकार कुणाला चुकत नाही. बिल शून्य येईल असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मी वर्षाची बचत २६,३२८ न धरता २५,००० धरली.

खर्चात ७५,००० शिवाय आणखी ९,००० आले, पॅनेलखालच्या उंच स्ट्रक्चरचे, म्हणजे सांगाड्याचे. गच्चीवर कुरडया आणि शेवया वाळवायच्या असतात, सगळी जागा पॅनेलला देऊन कसं चालेल? दोन किलोवॅटला दोनशेएक चौरस फूट जागा लागते. स्ट्रक्चर उंच केलं की खाली सावलीत दोऱ्याही बांधता येतात. मूळ आराखड्यात एक पॅनेल पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला होतं. दुपारी तीननंतर टाकीची सावली त्याच्यावर पडते, हे मला रोज कपडे काढताना दिसायचं. पॅनेल एकामागोमाग जोडलेले असतात, एकावर सावली आली की सगळ्या रांगेची वीज उतरते. त्या मुलाने मोजमाप सकाळी दहाला घेतलं होतं. मी खडूने रेघ मारून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला बोलावून दाखवली. पॅनेल हललं.

तर ८४,००० भागिले २५,०००, म्हणजे तीन वर्षं चार महिने. पण हेच पैसे ठेवीत असते तर आठ टक्क्यांनी वर्षाला ६,७२० व्याज आलं असतं. ते वजा केलं की बचत १८,२८० उरते आणि मुदत साडेचार वर्षांच्या वर जाते. मला हाच आकडा खरा वाटतो. पॅनेलला पंचवीस वर्षं सांगतात, पण पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा इन्व्हर्टर त्याच्या बराच आधी बदलावा लागेल, तेव्हा पाचव्या वर्षापासून त्याची भिशी वेगळी. आणि सबसिडी नंतर खात्यात येते, आधी सगळी रक्कम आपणच भरायची असते, हेही लक्षात ठेवा.

ह्यांचा एक हिरमोड झाला. लाईट गेली की आपलं सोलर चालू राहील, अशी त्यांची समजूत होती. बॅटरी नसेल तर तसं होत नाही. लाईन बंद असताना आपली वीज तारेत गेली तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ, म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. भर दुपारी, टळटळीत उन्हात, पंखा बंद आणि हे पॅनेलकडे बघत गच्चीवर उभे.

बसवून आता पाच महिने झाले. नोव्हेंबरात २३६ युनिट तयार झाली, डिसेंबरात २२८, जानेवारीत २४१. मधे धूळ साचून रोजचा आकडा पाऊण युनिटाने उतरला होता. सकाळी ऊन चढायच्या आत पाईपने धुतलं की परत वर आला.

साठा तीनशेच्या पुढे गेलाय आणि मार्च आलाय. स्वस्तात विकून टाकायला माझा जीव होत नाही. म्हणून आमच्याकडे सध्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत नाही, माळ्यावरचा जुना गीझर खाली काढून लावलाय. एकतीस तारखेला रात्री तो परत माळ्यावर जाईल.