‘खाजगी वन’ : सातबाऱ्यावरच्या दोन शब्दांनी अडवलेली खरेदी

सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात, सह्याद्रीच्या उतारावर सदाहरित रानाला लागून थोडी जमीन घ्यावी आणि तिच्यावरची झाडे आहेत तशीच राखावीत, असे आम्ही पती-पत्नीने ठरवले होते. माझ्या नावे शेतजमीन असल्यामुळे, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई करणाऱ्या कुळकायद्याच्या कलम 63 ची अडचण नव्हती. अडले ते सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातल्या ‘खाजगी वन’ या दोन शब्दांपाशी.

महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 नुसार 30 ऑगस्ट 1975 रोजी अशी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे नोंद खरी असेल तर विक्रेत्याकडे विकण्याजोगे काही उरतच नाही. परंतु कित्येक ठिकाणी ही नोंद भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35(3) खालील नोटिशीच्या (झाडतोडीवर निर्बंध का घालू नयेत, अशी मालकाला केलेली विचारणा) आधारे झालेली आहे, आणि नोटीस केवळ काढली गेली एवढ्याने जमीन खाजगी वन ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून आम्हाला मूळ नोटीस आणि तिच्यावरून झालेला फेरफार, एवढेच पाहायचे होते. एका कार्यालयात सांगण्यात आले की नोंद वन विभागाच्या पत्रावरून झाली, तिकडेच विचारा. दुसरीकडे उत्तर मिळाले की सातबारा महसूलचा, दुरुस्ती तेच करतील. विलंब मी समजू शकतो, पण नागरिकाला कागदावर एक ओळही लिहून न देता पावसाळाभर तोंडी उत्तरांवर फिरवत ठेवणे मला आजही अन्यायाचे वाटते. अखेर माहिती अधिकाराखाली अर्ज करून अभिलेखाची पाहणी मागितली, तेव्हा जुना फेरफार समोर आला: नोटीस शेजारच्या हिश्श्याची होती आणि पोटहिस्से पाडताना शेरा सर्व हिश्श्यांवर उतरला होता. वन विभागाचे तसे पत्र मिळाल्यावर लेखनप्रमाद म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती झाली. दुरुस्त सातबारा हाती आला तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. त्यानंतरची दस्तनोंदणी सुरळीत पार पडली.

प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावाच. विसार देण्याआधी मोजणी करून घ्यावी, आणि सामाईक खात्यातले मुंबईकर हिस्सेदारही खरेदीखतावर सही करतील याची खात्री करावी, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. शेरा नसला तरी 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्यक्षात जंगल असलेल्या जमिनीला, मालकी कोणाचीही असो, वन संवर्धन कायदा लागू होतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी आहे. रान साफ करून रबर किंवा अननस लावण्याचा विचार असलेल्यांनी येथे जमीन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण धनेश पक्ष्याला ढोलीसाठी लागणारी जुनी झाडे पुन्हा उभी राहायला पिढ्या लागतात. खरेदीखतानंतर फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपून नोंद प्रमाणित होईपर्यंत कुंपणावरही खर्च करू नये.