सुटलेले ठोके

शनिवार, रात्री उशिरा

‘बिट.ट्रिप बीट’ हा व्हिडिओ गेम अजून डोक्यात वाजतोय. ‘डिसेंट’ या दुसऱ्या लेव्हलला अडकलेय आणि झोप काही येत नाही.

खेळ सांगायला सोपा. पडद्याच्या डाव्या कडेला एक उभी पट्टी, ती फक्त वर-खाली सरकते. उजवीकडून ठिपके येतात, ते परतवायचे. म्हणजे १९७२ सालचा अटारीचा ‘पाँग’च, फक्त समोर दुसरा खेळाडू नाही, गाणं आहे. गायजिन गेम्स या छोट्या अमेरिकन स्टुडिओनं २००९ मध्ये तो निन्टेन्डोच्या ‘वी’ या गेमिंग कन्सोलसाठी काढला आणि मुद्दाम तीसेक वर्षं जुना दिसेल असा केला: चौकोनी ठिपके, भडक रंग, जुन्या यंत्रांचे टुकटुक आवाज. ‘वी’वर रिमोट आडवा धरून तो कलता करत पट्टी हलवायची. माझ्याकडे पीसीची आवृत्ती आहे, म्हणजे सगळी भिस्त माउसवर.

तालाच्या बहुतेक खेळांत गाणं आपल्याशिवायही चालूच असतं, आपण बटण दाबून हजेरी लावायची. इथे खालचा ठेका वाजत राहतो, पण वरची सुरावट माझ्यावर सोपवलेली. ठिपका पट्टीवर आपटला की स्वर उमटतो. सुटला तर त्या जागी काहीच नाही. सलग जमलं की आपणच वाजवतोय असं वाटायला लागतं आणि नेमका तिथेच घोळ होतो, कारण सगळे ठिपके सरळ येत नाहीत. काही उसळत येतात, काही अध्येमध्ये थबकतात. काही तर परतवले तरी फिरून पुन्हा अंगावर येतात. डोळ्यांनी त्यांचा पाठलाग केला की हात मागे पडतो. ठेका ऐकून पट्टी आधीच जागेवर नेली तर निम्मं काम होतं.

तबल्याच्या क्लासला सर हातावर ताल धरायला लावायचे. तीनतालात नवव्या मात्रेला खाली. टाळी नाही, नुसता उघडा हात. ती जागा मोजून ठेवलेली असते, पुढची सम, म्हणजे पहिली मात्रा, तिच्या भरवशावर येते. या खेळातली माझी भोकं मात्र कुणी मोजून ठेवलेली नाहीत. दोन ठिपके सुटले की तिसऱ्याला मी बावचळते, मग ओळच्या ओळ जाते.

आणि मग ‘नेदर’. खेळ ‘हायपर’ मोडमध्ये सुरू होतो, चांगलं खेळलं की ‘मेगा’त चढतो, तिथे आवाज आणि रंग दोन्ही फुलतात. चुका साठल्या की मात्र सगळं काळं-पांढरं आणि संगीत बंद. उरतात नुसते ठिपके आणि ते आपटल्याचा कोरडा टक-टक. जीव कमी करणं, गुण कापणं यापेक्षा ही शिक्षा कितीतरी हुशार वाटते मला. ठेका गेला की कळतं, आपण इतका वेळ कशाच्या आधारावर खेळत होतो. सावरून, ठिपके परतवत पडद्यावरचा मीटर भरला तर गाणं परत मिळतं. नाही भरला तर खेळ संपला, लेव्हल पहिल्यापासून.

हे पहिल्यापासून सुरू करणं मात्र जिवावर येतं. लेव्हल इन मिन तीन, पण एकेक चांगलीच लांब आणि मध्ये कुठे थांबा नाही. नाणं टाकून खेळायच्या जुन्या आर्केड मशीनची कडक शिस्त म्हणून कौतुक करायचं, तर तिथे निदान मागे नाण्यांचा हिशोब होता! शिवाय पार्श्वभूमीवर इतकं काही झगमगत असतं की तेवढ्यात ठिपका निसटतो. तो कमांडरव्हिडिओ, या खेळाचा नायक, मागे मजेत हुंदडत असतो, त्याचं काय जातंय.

तरी आवाजाशी खेळाडूच्या हाताला बांधण्याची युक्ती जुनीच. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार स्वरांची एक साधी उतरती ओळ फिरत राहायची आणि शत्रू कमी होत गेले की ती वेग धरायची. लोकांचा जीव त्या चार स्वरांनीच टांगणीला लागायचा.

आज ब्लूटूथ हेडफोन लावून खेळले तेव्हा आवाज एक केसभर उशिरा येत होता. बाकी कुठल्या खेळात जाणवलंही नसतं, इथे पट्टीवर आपटलेला ठिपका आणि त्याचा स्वर यांचं जमेचना. उद्या दादाकडून वायरवाला हेडफोन मागून आणते. ‘कशाला हवाय?’ विचारलं तर ऑफिसची मीटिंग सांगायची.