गोगलगायींच्या शंखांवरचे पांढरे डाग

मागणी अगदी सरळ होती. शाळेच्या ग्रंथालयातली चाळीस लिटरची टाकी, आत झाडं, जुने निऑन टेट्रा आणि तळाशी फिरणारे काही कोरी मासे. नवे आणून सोडलेले मासे मात्र दोन्ही वेळा रात्रीतून मेले होते. म्हणजे पाणी खराब झालं असणार. तेव्हा सगळं पाणी काढून, रेती धुऊन टाकी नव्यासारखी करून द्या. वार्षिक कार्यक्रम तोंडावर आला होता आणि पाहुणे ग्रंथालयात येणार होते. टाक्यांची देखभाल हेच माझं काम, त्यामुळे बादल्या, पाइप आणि टेस्ट किट घेऊन मी गेलो.

पाणी खराब दिसत नव्हतं. लाकडाच्या ओंडक्यामुळे येतो तसा किंचित पिवळसर रंग, पण आरपार स्वच्छ. जुने निऑन छान रंगात होते, काचेजवळ बोट नेलं की पुढे येत होते. मला थांबवलं ते काचेवरच्या रॅम्सहॉर्न गोगलगायींनी. त्यांच्या शंखांच्या मधोमध खरवडल्यासारखे पांढरे डाग होते, काहींना तर खड्डे पडले होते. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. पाणी आम्लधर्मी झालं आणि त्यातलं कार्बोनेट संपलं की जिवंत गोगलगायीचा शंख झिजायला लागतो. मग झाडं नीट पाहिली. अनुबियास आणि जावा फर्न तग धरून होते, पण मागच्या रांगेतल्या व्हॅलिस्नेरियाची नुसती पिवळी बुडखी उरली होती. ही वनस्पती बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेते. ते नसलेल्या पाण्यात ती सहसा तग धरत नाही. दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

बादली बाजूला ठेवली आणि किट उघडलं. पीएच मीटरवर 5.7. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, त्याच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं, म्हणजे केएच शून्यच धरायचा. नायट्राइट शून्य. नायट्रेटचा रंग तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाइतका लाल. आणि अमोनिया 4 पीपीएम, म्हणजे दशलक्षात 4 भाग. हा आकडा दिसल्यावर मी दुसऱ्या नळीत पुन्हा चाचणी घेतली. तोच रंग आला.

एवढ्या अमोनियात मासे जिवंत कसे? किट जे दाखवतं ती दोन रूपांची बेरीज असते. एक अमोनिया, जो कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि मारतो. दुसरं अमोनियम, जे त्या मानाने फारसं बाधत नाही. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. 26 अंश तापमानाला आणि 5.7 पीएचला विषारी रूप हजारात एक भागसुद्धा नसतं. म्हणजे त्या 4 पीपीएममधला खरा घातक अमोनिया 0.001 च्या आसपास होता. निऑन मुळात अॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले. त्यात इथे पीएच हळूहळू उतरत गेलेला, त्यामुळे ते जुळवून घेत गेले. दुकानातल्या पाण्यातून थेट या पाण्यात पडलेल्या नव्या माशांना मात्र तो धक्का झेपला नाही.

शाळेच्या नळाचं पाणी तपासलं: पीएच 7.9, केएच 8. माझ्या पोटात गोळा आला. हे पाणी टाकीत ओतलं असतं तर पीएच झपकन चढला असता आणि इतके दिवस निरुपद्रवी बसलेल्या अमोनियमचा काही भाग तिथल्या तिथे अमोनिया झाला असता.

मुख्याध्यापिका मॅडम बघायला आल्या तेव्हा मी हे सांगितलं. त्यांना ते पटेना, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. "स्वच्छ पाणी घातल्यावर मासे मरतील? असं कसं होईल?" त्यांनी विचारलं. तोंडी समजावण्यापेक्षा करून दाखवणं बरं. एका बरणीत अर्धं टाकीचं पाणी घेतलं, अर्धं क्लोरीन काढलेलं नळाचं, आणि त्यात हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा) सोडला. मीटर बरणीत ठेवला. आकडा सगळ्यांच्या देखत चढत गेला आणि 7.6 वर येऊन ठरला. मग कागदावर हिशेब मांडला. अर्धं पाणी बदलल्यामुळे एकूण अमोनिया 4 वरून 2 वर येतो खरा, पण या पीएचला त्यातला सुमारे 2.35 टक्के भाग विषारी होतो. म्हणजे 0.047. निम्मं पाणी बदलूनही विष चाळीसपट. माशांसाठी दीर्घकाळ 0.02 च्या वर जाऊ देऊ नये असं आम्ही धरून चालतो.

मॅडम बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "काच पुसा, झाडांची वाळलेली पानं काढा. बाकी तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." मला खूप हायसं वाटलं.

टाकी इथवर आली कशी, हे मामांशी बोलल्यावर कळलं. मामा शाळेचे शिपाई, टाकीची काळजी तेच घेत. उडालेल्या पाण्याच्या जागी ते रोज शिक्षकांच्या खोलीतल्या आरओ मशीनचं पाणी घालत. "दादा, नळाचं पाणी कधी घातलं नाही हो. प्यायचं चांगलं पाणीच घालतो," ते म्हणाले. वर्षभराहून अधिक काळ पाणी बदललं मात्र नव्हतं, कारण बदलायला कोणी सांगितलंच नव्हतं. आता फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली क्षारता, म्हणजे तोच केएच, खातं: 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे 7 मिलिग्रॅम. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणजे खर्च चालू आणि भर काहीच नाही. केएच संपला, पीएच घसरला. पीएच सहाच्या खाली गेला की या जिवाणूंचं काम फार मंदावतं.

यात भर पडली सुट्टीची. सुट्टीत लाइट बंद राहिला. झाडांच्या टाकीचा मोठा आधार हा असतो की वाढती झाडं अमोनियम थेट खाऊन टाकतात. फिल्टर कमी पडला तरी ती सांभाळून घेतात. उजेड गेल्यावर झाडांचं खाणं थांबलं, क्रिप्टोकोरिनची पानं विरघळली आणि तीच कुजून अमोनिया वाढवू लागली. मामा मात्र सुट्टीतही येऊन माशांना खाणं घालत होते. फिल्टर उघडला तर स्पंज गाळाने गच्च भरलेला, पाणी त्यातून न जाता कडेने वाहत होतं. धार वरून जोरात दिसे, म्हणून कोणाला शंका आली नाही.

म्हणून मी क्रम उलटा लावला: आधी पीएच आहे तिथेच ठेवून अमोनिया कमी करायचा, मगच पीएच उचलायचा. आणि अमोनिया कमी करायला वापरलं ते मामांचंच आरओचं पाणी. त्यात बफर, म्हणजे आम्ल झेलणारं कार्बोनेट, नसल्यामुळे ते पीएच चढवत नाही. तळाचा गाळ पाइपने ओढत पाच-सहा लिटर पाणी काढलं आणि तेवढंच आरओचं हळूहळू, बारीक धारेने सोडलं. जुने मासे नायट्रेटसारख्या साचलेल्या क्षारांनी भरलेल्या पाण्याला सरावलेले असतात, एकदम पातळ पाणीही त्यांना सोसत नाही. म्हणून एका वेळी यापेक्षा जास्त नाही. स्पंज काढलेल्या पाण्यातच दाबून धुतला. जिवाणू राहतात त्या सिरॅमिक रिंगांना हात लावला नाही. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत झिओलाइट ठेवलं, ते अमोनियम धरून ठेवतं. वर हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती तरंगत सोडली, लाइटला टायमर लावला आणि खाणं काही दिवस पूर्ण बंद.

माझ्या दुसऱ्या एका टाकीतला पिकलेला, म्हणजे जिवाणू वसलेला, स्पंज आणून लगेच लावण्याचा मोह होता. पण 5.7 पीएचला त्यातले जिवाणूही थंडावलेच असते, म्हणून तो थांबवून ठेवला. अमोनिया 0.25 वर आल्यावर नळाचं पाणी सुरू केलं, तेही क्लोरीन काढून. एका वेळी अडीच लिटर: चाळीस लिटरच्या टाकीत तेवढ्याने केएच साधारण अर्ध्या अंशाने वाढतो. पीएच साडेसहाच्या वर स्थिरावल्यावरच तो स्पंज लावला. मध्ये थोडा नायट्राइट दिसला, 0.5 पर्यंत गेला. मला तो पाहून आनंदच झाला, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारी जिवाणूंची साखळी पुन्हा हलू लागल्याची ती खूण होती. तरी तो शून्यावर येईपर्यंत खाणं नावापुरतंच ठेवलं आणि हवेचा दगड चालू ठेवला.

कार्यक्रमाच्या दिवशी टाकी काही नव्यासारखी नव्हती. झाडं विरळ होती, ओंडका उघडा पडला होता. निऑन सगळे होते, कोरीही.

आता केएच 4 आणि पीएच 7 च्या जरा वर आहे. व्हॅलिस्नेरिया पुन्हा लावली आहे. मामांना मी आरओचं पाणी बंद करायला सांगितलं नाही, कारण उडालेल्या पाण्याच्या जागी तेच योग्य: वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. फक्त दर आठवड्याला आठ लिटर पाणी काढून क्लोरीन काढलेलं नळाचं घालायचं, एवढी भर त्यात घातली. केएचची चाचणीही त्यांना शिकवली. थेंब मोजणं त्यांना आवडतं आणि ते माझ्यापेक्षा सावकाश, नीट मोजतात. आकडे ते एका वहीत लिहितात. नवे मासे सध्या नाहीत. केएच 3 च्या खाली गेला तर पाणी न बदलता आधी मला फोन करायचा, असं त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे.